क्लेअरमधला तो एक पोल

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत ब्रॉडबँडच्या पोलचा सर्व्हे करत होतो, काम तसं साधं, ड्रॉइंगवर टिंब असेल तिथे खुंटी ठोकायची, फोटो काढायचा आणि पुढे. त्या दिवशी एक टिंब रिंगफोर्टच्या कडेला आलं. रिंगफोर्ट म्हणजे मातीचा गोल बांध आणि बाहेरून चर, हजार-दीड हजार वर्षांपूर्वी आत एखादं शेतकरी कुटुंब राहायचं. देशभरात असे 45,000च्या आसपास आहेत, गावाच्या नावात लिस किंवा राथ, म्हणजे रिंगफोर्टचेच आयरिश शब्द, आले की समजायचं. लोक ह्यांना फेअरी फोर्ट, म्हणजे पऱ्यांचा किल्ला म्हणतात, आतली काटेरी झाडं सहसा कोणी तोडत नाही, आपल्या देवराईसारखंच.

पोल बांधाच्या बाहेर होता, पण ताणाच्या तारेचा जमिनीत गाडायचा अँकर बरोब्बर चरीत येत होता. मी ठोकायला खुंटी काढली तेवढ्यात शेताचे मालक, ऐंशीच्या पुढचे आजोबा, काठी टेकत आले. मला वाटलं आता पऱ्यांचं काहीतरी सांगणार. ते म्हणाले, "तिथे नको रे पोरा, माझा भाऊ आहे तिथे."

मला काही कळेना. मग ते मला आत घेऊन गेले. व्हाइटथॉर्नचं काटेरी झाड पांढरंशुभ्र फुललेलं, त्याच्या खाली गवतात विटेएवढे अनघड दगड, काही उभे काही कललेले, कशावर नाव नाही, मधे दोन-तीन पांढऱ्या गारगोट्या. ह्याला किलीन म्हणतात. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळायची नाही, मग बाप रात्रीच्या अंधारात अशा जुन्या लिसमध्ये पुरून यायचा, अगदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. आजोबांच्या आईला कुठला दगड हे कधी कळलंच नाही. ते काठीने दाखवत राहिले, "ह्यातला एक."

आमच्याकडे पण दात न आलेल्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. माझ्या आजीचं पहिलं बाळ असंच शेताच्या बांधाला आहे, नांगर तिथे वळवूनच नेतात. हे मी त्यांना सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

आमच्या नकाशावर नुसतं 'रिंगफोर्ट' लिहिलेलं होतं. मी तिथूनच फोन लावला, पोल रस्त्यापलीकडे हलवायला लावला, डिझाइन परत करावं लागलं म्हणून बोलणी खाल्ली, पण ऐकलं नाही. रिमार्कच्या रकान्यात लिहिलं, इथे लहान मुलं आहेत, खोदू नये.