सोमलाच्या गावात मेथी

मार्चमध्ये मागच्या अंगणात मेथी पेरायची म्हणून कुदळ हातात घेतली, तर कुंपणापलीकडच्या आजोबांनी हटकलं, "माती तपासून घेतलीस का?" मला वाटलं खत किती लागेल ते विचारतायत. ते विचारत होते आर्सेनिकचं.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. "म्हणजे सोमल की रे! उंदरांना घालायचे पूर्वी. आणि त्यात तू मेथी लावतोयस?"

आम्ही राहतो गनिसलेकला. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आणि डेव्हन यांच्या हद्दीवर टेमर नदी आहे, तिच्या काठी. दरी दाजीपूरची आठवण यावी इतकी हिरवी, फक्त झाडांतून मधेच जुनी दगडी धुराडी डोकावतात. पलीकडच्या काठावर डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स नावाची खाण होती. 1844 साली तिथं तांबं लागलं. तांबं ओसरू लागल्यावर लक्ष गेलं त्याच्याच सोबतीनं निघणाऱ्या आर्सेनिकच्या खनिजाकडं. ते भट्टीत भाजायचं, धूर लांबच लांब वळणावळणाच्या बोगद्यांतून फिरवायचा. थंड होता होता भिंतींवर पांढरी पूड धरते. ती पुढं अमेरिकेत पिकांवरची कीड मारायला जायची. (आपण उठसूट 'हरताळ फासला' म्हणतो ना, तो पिवळा हरताळही आर्सेनिक आणि गंधकाचाच.)

ती पूड माणसं आत शिरून खरवडायची. नाकात कापूस, तोंडावर फडकं आणि उघड्या कातडीवर चिखलमातीचा लेप. हे वाचलं आणि मी थांबलोच. मी वाढलो कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, तालमीच्या भिंतीला लागून. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेली हौद्यातली लाल माती पैलवान अंगाला चोळतात ती आपण रोज बघतो. चप्पल घालून आत पाऊल टाकायची बिशाद नाही. इथल्या कामगारांच्या हातीही मातीच होती, पण विष कातडीला लागू नये म्हणून.

त्या भट्ट्यांच्या अवशेषांजवळ शंभर वर्षांनंतरही काही जागा उघड्याबोडक्या आहेत. पालापाचोळा कुजतो, आर्सेनिक कुजत नाही. पावसानं वाहील, वाऱ्यानं उडेल, पण संपणार नाही. इथं घराच्या बागेसाठी एक किलो मातीत 37 मिलिग्रॅम आर्सेनिक हा मापदंड धरतात. त्याच्यावर गेलं म्हणजे लगेच कुणी मरत नाही, फक्त पुढं नीट तपासा एवढाच त्याचा अर्थ. भट्ट्यांच्या आसपास मात्र आकडे हजारांत जातात. आमच्या अंगणाचा तीन अंकी आला.

मी म्हटलं, सुपर फॉस्फेट टाकू, पीक जोमानं येईल. गडी उसाच्या गावचा, दुसरं काय सुचणार? आजोबांनी मान हलवली. मातीतल्या लोहाला धरून बसलेलं आर्सेनिक आणि फॉस्फेट ही जवळजवळ एकाच घडणीची, एकाच जागेसाठी भांडतात. फॉस्फेट टाकलं की ते आर्सेनिकला उठवून पाण्यात सोडू शकतं. शिशाच्या बाबतीत उलट, फॉस्फेट त्याला जखडून ठेवतं. त्यामुळं मातीतल्या सगळ्या विषांना एकच औषध चालत नाही.

धाकटा भाऊ मधेच म्हणाला, "मग आपल्या राधानगरी-शाहूवाडीच्या बॉक्साइटच्या खाणी?" ते दुखणं वेगळं. बॉक्साइट जांभ्यातलं, त्यात इथल्यासारखं गंधकाशी बांधलेलं आर्सेनिकचं खनिज नसतं. तिथं वरची माती खरवडली जाते आणि पावसाळ्यात लाल गाळ ओढ्याला लागतो. सोमल नाही म्हणून ते दुखणं हलकं, असं मात्र मी म्हणणार नाही.

शेवटी लाकडी फळ्यांचा चौकोन केला, तळाला जाड कापड, वर बाहेरून आणलेली माती. खरी भीती मुळांतून वर चढणाऱ्या आर्सेनिकपेक्षा पानाला, नखाला, बुटाला चिकटून घरात येणाऱ्या मातीची. म्हणून भाजी तीन पाण्यांतून काढायची आणि पोराला बागेतून आल्या आल्या हात धुवायला लावायचे. बूट दाराबाहेर.

परवा मेथी चार बोटं वर आली. व्हिडिओवर आईला दाखवली.

"झ्याक आलीय. माती कुठली?"

"विकतची, पोत्यातली."

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "पोतं केवढ्याला पडलं?"