तुम्ही विचारलंत म्हणून: माहेर कोल्हापूरचं, आणि खाता हे?

विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच. "मॅडम, माहेर कोल्हापूरचं ना तुमचं? आणि खाता हे?" 'हे' म्हणजे माझ्या पुढ्यातला ट्रे: कागदात गुंडाळलेला बर्गर, फ्राइज, झाकण लावलेला कागदी ग्लास. जाऊबाईंनी विचारून झालं, पतसंस्थांच्या चेअरमननी विचारून झालं, भाच्यानं तर फोटोखाली नुसता रडका चेहरा पाठवला. आजवर मी "वेळ नसतो हो" म्हणून सुटका करून घेत आले. समोरच्याचं तेवढ्यावर समाधान होतं. पण वेळ असतो. खानावळीत ताट बसल्या बसल्या समोर येतं, बर्गरच्या काउंटरवर नंबर लागायलाच त्याहून जास्त थांबावं लागतं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. एप्रिल लागला की सहकारी संस्थांचं ऑडिट सुरू. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांची मुदत, म्हणजे 31 जुलैच्या आत सगळं उरकायचं. त्या दिवसांत कराड, शिराळा, मलकापूर, गडहिंग्लज, आजरा असं फिरणं. जेवणाचा आग्रह सगळीकडे होतो, पण ज्याचं दप्तर तपासायचं त्याच्याकडे जेवायचं नाही, हे मी पहिल्यापासून पाळलंय. त्यामुळे जेवण बाहेर, स्वतःच्या पैशानं आणि एकटीनं.

जिभेबद्दल शंका नको. कोल्हापूरच्या मिसळीबरोबर लादीपाव नसतो, ब्रेडच्या जाड स्लाइस असतात, आणि कटात बुडवलेली स्लाइस तुटून खाली पडायच्या आत तोंडात गेली पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध घातल्यावर त्याला खळखळून उकळी आली की तो फुटतो. फुटलेला रस्सा कितीही खसखस-काजू वाटून घातले तरी सावरत नाही, आणि तो मी वाटी नाकाशी नेऊन ओळखते. हल्ली जिथं तिथं 'कोल्हापुरी' म्हणून लाल रंगाचं तेल वाढतात, त्याबद्दल बोलायला बसले तर हा लेख संपायचा नाही. आमचं तिखट कांदा-लसूण मसाल्याचं. आधी वास येतो, मग झणका.

साखळी हॉटेलवाल्यांबद्दलही माझं मत तुमच्याइतकंच वाईट आहे. एका ठिकाणी हौसेनं मिसळ मागवली. काउंटरच्या काचेतून सगळं दिसत होतं: मटकी एका पाकिटातून, कट दुसऱ्या पाकिटातून, फरसाण तिसऱ्यातून, आणि वरचा कांदा चमच्यानं मोजून. साताऱ्यात खा नाहीतर सोलापुरात, चव तीच, आणि ती तीच असते म्हणून फलकावर जाहिरात. मिसळ काय जाहिरातीतल्यासारखी दिसायची गोष्ट आहे?

मग तरी का? तर ऐका.

गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर खानावळ तुम्ही लगेच ओळखाल, आणि पुढच्या वेळी तिथं जाऊन "आमच्या मॅडम असं असं म्हणतात" म्हणून सांगाल. मटणासाठी लांबून लोक येतात एवढं पुरे. जुलैचे दिवस, पाऊस लागलेला, काम दुपारच्या आत आटपलेलं. बरेच दिवस मनात होतं, म्हणून गेले.

गल्ल्यावरच्या माणसानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"किती जण?"

"एक."

"पार्सल?"

"नाही, बसून."

हे 'बसून' मी जरा मोठ्यानं म्हटलं असणार, कारण जवळच्या टेबलांवरचे हात ताटात थांबले. "फॅमिली वर हाय," तो म्हणाला.

वर गेले. प्लायवूडच्या केबिनी, प्रत्येकीला पडदा. पडद्यांवर हात पुसल्याचे पिवळे डाग. वरचा पोऱ्या म्हणाला, "सिंगल लेडीजला केबिन देत न्हाई, मालक वरडत्यात." का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. म्हणजे खाली पुरुष, वर जोडपी आणि मी जिन्यात.

शेवटी खालीच, बेसिनशेजारचं टेबल मिळालं. जेवून उठलेला प्रत्येक जण माझ्या खांद्यापाशी येऊन चूळ भरणार. तेव्हाच उठायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. भूक होती, आणि आतून सुक्याचा वास येत होता.

ताट आलं. सुकं मटण, तांबडा, पांढरा, कांदा-लिंबू, फुगून पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी. पांढऱ्याचा पहिला घोट घेतला आणि मगाचं सगळं विसरले. मिरीचा ठसका आधी नाही, घोट खाली उतरल्यावर येत होता. नारळ गोड लागत नव्हता, नुसता मऊपणा. असा पांढरा मी आईच्या हातचाही क्वचित प्यायलेय. हे आईनं वाचू नये.

तिथं रस्सा पोटभर असतो. वाढपी बादली घेऊन "तांबडा, पांढरा" करत फिरतो आणि वाटी रिकामी दिसली की ओततो. तो माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि वळायचा. समोरच्या टेबलावर न मागता ओतला. मागच्या टेबलावर "बास, बास" म्हणेपर्यंत ओतला. मी माझी वाटी ताटाच्या कडेला सरकवली. तो आला, वळला. मग ती ताटातून काढून टेबलावर, वाटेच्या बाजूला ठेवली, दिसावी म्हणून. तो पुन्हा आला, पळी बादलीतून अर्धी वर, आणि नजर माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरवर. वळला.

आता मला सांगा, त्याच दिवशी सकाळी मी एका चेअरमनला सगळ्या स्टाफसमोर सुनावलं होतं की या व्हाउचरवर सही नाही, हे मी धरणार नाही. त्यांनी मान खाली घातली होती. आणि दुपारी मला "अहो, इकडं पांढरा वाढा" एवढं म्हणता येईना. तोंड उघडलं की ते हात पुन्हा थांबणार आणि माना वळणार, हे मला बसल्या जागी दिसत होतं. उरलेली भाकरी तांबड्याच्या तळाशी लावून संपवली.

बाथरूम विचारलं तर मागं, चुलीच्या खोलीतून वाट. दाराला कडी होती, कोयंडा उखडलेला. एका हातानं दार धरून ठेवायचं. पुढचं लिहीत नाही, बायकांना कळलं असेल. परत येताना भाकऱ्या थापणाऱ्या बाईनं हात न थांबवता विचारलं, "जेवलासा न्हवं?" मी हो म्हटलं. मला खरंच बरं वाटलं, त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे बघून बोललं होतं. मग ती म्हणाली, "मालक कुठं हायत, भाईर?"

मी म्हटलं, "हो. गाडीत आहेत."

गाडीत कोणी नव्हतं. गाडीच नव्हती, मी एसटीनं आले होते.

गल्ल्यावर पैसे दिले. "कसं वाटलं जेवन?" "छान," मी म्हटलं, आणि तेही खरं होतं.

संध्याकाळी हायवेवर बर्गरच्या त्या काचेच्या दुकानात गेले. स्क्रीनवर बोट लावून ऑर्डर दिली. स्क्रीननं किती जण विचारलं नाही. भिंतीकडे तोंड केलेली एका माणसाची खुर्ची होती. टॉयलेट कोरडं, आतून कडी. बर्गर नेहमीसारखाच होता, म्हणजे कशासारखाच नव्हता. तिथं बसून मी दुसऱ्या दिवसाचे कागद लावले आणि निघेपर्यंत कोणीही माझ्याकडे बघितलं नाही. मला विचाराल तर ते दुकान हेच विकतं. बर्गर त्याबरोबर घ्यावा लागतो.

इथं माझ्यातली कॉलेजातली मुलगी मध्ये तोंड घालते. 1996 साली मॅकडोनाल्ड्स देशात आलं, त्यानंतरच्या वर्षांत मी पुण्यात शिकत होते आणि होस्टेलवर रोज रात्री बर्गर खाणाऱ्यांवर तोंडसुख घ्यायचे. कोल्हापूरच्या मुलीनं ते खाणं म्हणजे अंबाबाईच्या दारात जाऊन पाठ फिरवणं, असलं काहीतरी बोलायचे. तिला मी म्हणते, बाई गं, तू खानावळीत गेलीस तेव्हा पुढं अण्णा असायचे. "दोन ताटं, एक कमी तिखट" ते म्हणायचे आणि तू थेट ताटावर बसायचीस. गल्ल्यावरचा माणूस तू कधी पाहिलाच नाहीस.

ती कसली ऐकते. ती म्हणते, मालकानं तुला हाकललं नाही, जागा दिली. वाढपी वीस वर्षांचा असेल नसेल, परक्या बाईला "वाढू का" कसं विचारायचं हे त्याला कोणी शिकवलंय? तो लाजत असेल. तू एकदा मागितलं असतंस तर बादली पालथी केली असती त्यानं. आणि तू परत गेलीच नाहीस, तर त्याला सवय लागणार कशी?

हे तिचं बरोबर असेलही. तो लाजत असेल, हे मला त्याच दिवशी सुचलं होतं. पण त्याची लाज मी का सांभाळायची, आणि तीही उपाशी राहून? दर जेवणाला मोर्चा काढायची माझी तयारी नाही. मला रात्री रिपोर्ट लिहायचा असतो.

फॅमिली रूमवर मी दात खाते, तेही एका बाजूनं अन्यायाचंच आहे. मुंबईतल्या इराण्यांकडे आणि जुन्या उडप्यांकडे फॅमिली रूम होती म्हणून आमच्या आज्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायका हॉटेलात जाऊ शकल्या. आडोसा होता म्हणून घरच्यांनी नेलं. पण नेलं. एकटी आलेली बाई त्या आडोशाच्या हिशेबात तेव्हाही नव्हती.

सगळ्या गावच्या हॉटेलांना एका मापानं मोजू नका म्हणाल, तर मान्य. मिसळीच्या दुकानात मला कधी असं झालेलं नाही. खासबागेत जा नाहीतर उद्यमनगरात, सकाळी बाक भरलेले असतात, सरकून घ्या म्हटलं की सगळे सरकतात, शेजारी कोण बसलंय याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. देवळातून परतणाऱ्या बायका, क्लासला निघालेल्या पोरी, सगळ्या एका बाकावर, आणि कट संपला की मी स्वतः ओरडून मागते. तिथं माझा आवाज कसा काय निघतो? कदाचित सकाळ असते म्हणून. कदाचित तिथं मटण नसतं म्हणून. मटण आणि बसून जेवणं हे अजून पुरुषांचं राज्य आहे, असा माझा समज झालाय. चुकीचा असला तर सांगा.

आणि साखळीवाले बायकांच्या कळवळ्यानं खुर्च्या मांडतात, असंही मला वाटत नाही. एका संस्थेत एका तरुणाचं कर्जखातं तपासलं. फ्रँचायझी घेतली होती. कंपनीला डिपॉझिट, कंपनीच्या नकाशाप्रमाणे फर्निचर, विक्रीवर रॉयल्टी, आणि माल कंपनीकडूनच उचलायचा. पाव गावातल्या बेकरीचा घेतला तरी करारभंग. खातं थकीत, जामीनदार त्याचा मामा. त्याच संस्थेत एका खानावळीचंही कर्ज होतं, हप्ता एकही चुकलेला नाही. दोन्हींची नावं विचारू नका, दप्तरातलं बाहेर बोलायचं नसतं. फ्रँचायझीच्या खात्यावर मी सविस्तर शेरा लिहिला, आणि संध्याकाळी जेवायला तसल्याच एका काउंटरवर जाऊन उभी राहिले. हे बसत नाही एकमेकांत, मला दिसतंय.

डबा न्यावा, असं जाऊबाईंचं म्हणणं. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, गाड्या बायकांनी भरून जातात. जेवणाच्या थांब्यावर एकदा बघा. पुरुष उतरून राइस प्लेट मागवतात. एकट्या निघालेल्या कितीतरी जणी खिडकीशी बसून मांडीवर चपाती-भाजी उलगडतात आणि पाणी घोटभरच पितात. का, ते सांगायला नको. तसा डबा मीही पुष्कळ खाल्लाय. कमावते मी, फिरते मी, आणि ज्या मुलखात फिरते तिथलं मटण मात्र खिडकीतून वासावर ओळखायचं?

तेव्हा आता हा प्रश्न पुन्हा आलाच, तर तुमच्या माहितीतली एक खानावळ सांगा. बारीक हॉटेल चालेल, बाकडी चालतील, पाटी नसली तरी चालेल. 31 जुलैच्या आत मी येते. फक्त आधी तुमच्या घरातल्या कोणा बाईला तिथं एकटीला जेवायला पाठवा, आणि तुम्ही बाहेर गाडीत थांबू नका. पांढरा दुसऱ्यांदा वाढला का, न मागता, आणि कडी लागते का, एवढं तिला विचारून मला कळवा.