अप्रूव्हल आलं का?

पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या कामात येताना मला वाटलं होतं, लिहिता येतं, चार माणसांशी बोलता येतं, झालं. मुलाखत, निवड, पहिला महिना सगळं सुरळीत पार पडलं. मग पहिली प्रेस नोट एकटीवर सोपवली. लिहायला दीड तास लागला, अप्रूव्हलला अकरा दिवस.

क्लायंटने कारखान्यातल्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरायचा प्रकल्प उभारला होता. काय, कुठे, कधी, किती, हे सगळं मी पहिल्याच परिच्छेदात बसवलं होतं, कारण जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. क्लायंटच्या मार्केटिंगकडून नोट परत आली ती 'उद्योगविश्वात अग्रगण्य असलेल्या आणि गुणवत्तेचा सातत्याने ध्यास घेणाऱ्या' अशी सुरू होत होती. पाणी तिसऱ्या परिच्छेदात. मी ते वर आणलं, त्यांनी पुन्हा खाली ढकललं. मग विधी विभागाने 'शुद्ध पाणी' खोडून 'प्रक्रिया केलेलं पाणी' केलं. तेव्हा चिडले, पण बरोबर तेच होते. पिण्यालायक आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

खरं घोडं अडलं ते संचालकांच्या कोटवर, म्हणजे नोटमध्ये त्यांच्या नावाने जाणाऱ्या विधानावर. कोट मीच लिहिला होता, बहुतेक ठिकाणी तसाच लिहितात. फक्त ज्याच्या तोंडी घालायचा त्याने 'हो' म्हणावं लागतं. पाच दिवस एकच उत्तर, "सर मीटिंगमध्ये आहेत." फाइलचं नाव 'फायनल ७' झालं. इकडे एका पत्रकाराला मी आधीच बातमीचा शब्द देऊन बसले होते, तो रोज विचारायचा, "येतेय ना?" ही चूक सर्वस्वी माझी. अप्रूव्हल हातात नसताना असा शब्द देऊ नका.

शेवटी फाइल पाठवायचं सोडलं. कोटच्या दोनच ओळी सरांना मेसेज केल्या आणि खाली लिहिलं, 'हो किंवा बदल, एवढंच कळवा.' चार मिनिटांत 'हो' आलं. चार मिनिटांत!

शिकताना आयव्ही ली या सुरुवातीच्या काळातल्या जनसंपर्क सल्लागाराची गोष्ट सांगतात. १९०६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा तो दडपण्याऐवजी लींनी पत्रकारांना निवेदन दिलं. तीच पहिली प्रेस नोट, असं मानतात. त्यांना अप्रूव्हल कितव्या दिवशी मिळालं, ते मात्र कुणी सांगत नाही.

तर या कामात पडणार असाल, तर पहिल्याच बैठकीत विचारा, शेवटचा शब्द कुणाचा? उत्तर मेलवर घ्या. नावं आणि हुद्दे ज्याचे त्यालाच विचारून तपासा. पानं छपाईला सोडायच्या वेळी पत्रकाराला फोन करू नका आणि 'मेल मिळाला का?' हे तर कधीच विचारू नका. माहिती नसेल तर 'तासाभरात सांगते' म्हणा आणि तासाभरात खरंच फोन करा, मग हाती काही लागलेलं नसलं तरी.

हो, नोट छापून आली. आतल्या पानावर, सात ओळी, पहिल्या ओळीत पाणी. सरांचा कोट उडाला होता. सकाळी नऊला मार्केटिंगचा फोन आला, "ते 'अग्रगण्य' कुठे गेलं?"