चारकोल, खोडरबर आणि सोळा नंबरचं लेणं

आज वेरूळला गेलो. पाठीवर टॅब्लेट, स्टायलस, पॉवर बँक. ऐट अशी की आज थेट डिजिटल पेंटिंगच करायचं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणून मुद्दाम दुपार गाठली. कैलासावर, म्हणजे सोळा नंबरच्या लेण्यावर, ऊन झकास उतरलं आणि माझ्या स्क्रीनवरही! त्यात मला माझंच घामेजलेलं थोबाड दिसायला लागलं. वीस मिनिटांत टॅब्लेट तापून बंद. (ब्राइटनेस फुल ठेवला होता, चूक माझीच.)

मग पिशवीच्या तळाची जुनी मंडळी बाहेर काढली. 6बी पेन्सिल माझी लाडकी; ग्रॅफाइट जास्त, माती कमी, म्हणून मऊ. पण गडद भरली की उन्हात चकाकते, आणि बेसाल्टची, म्हणजे इथल्या काळ्या दगडाची, सावली कधी चकाकत नाही. तिथं चारकोलच पाहिजे. अख्खा कागद काळा केला आणि पुट्टीसारखा मळायचा खोडरबर चिमटीत टोकदार करून उजेड उचलत गेलो. आधी शिखर, मग खाली खाली. हे लेणंही वरून खाली, दगड काढत काढतच कोरलेलं, हे अर्ध्या चित्रात ध्यानात आलं आणि एकटाच हसलो.

बाहेर पेरूवाल्या मावशी माझे हात बघून म्हणाल्या, "काय रं लेकरा, कोळसा इकायलास का?"

रंग आता घरी, टॅब्लेटवर. चित्राचा फोटो खालच्या लेयरला, वर मल्टिप्लाय मोडमध्ये रंग, म्हणजे खालचं काळं रंगातूनही दिसत राहतं. पेरूवर काळे ठसे उमटले होते, तसाच खाल्ला.