आमची वाटचाल : बँक बंद पडली, कर्ज चालूच राहिलं

आमचा हळद पॉलिश करण्याचा आणि दळण्याचा कारखाना कुपवाड एमआयडीसीत आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद यायला लागली की भांडवलाची ओढ सुरू होते, ती मे महिन्यापर्यंत. ज्या सहकारी बँकेत आमचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचल देणारं कर्ज, होतं, तिच्यावर रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध घातले, पुढे परवाना रद्द झाला आणि अवसायक, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळणारे अधिकारी, नेमले गेले. बँकच बुडाली म्हणजे कर्जही बुडालं, असा समज यार्डात अजूनही काहींचा असतो. तसं काही नसतं. अवसायकाचं पहिलं काम वसुली. ठेव विमा महामंडळाने ठेवीदारांना दिलेले पैसेही त्याच वसुलीतून परत जायचे असतात.

खरी अडचण परवाना जाण्याआधीच सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या लेखी परवानगीशिवाय नवं कर्ज द्यायचं नाही आणि जुन्याचं नूतनीकरणही करायचं नाही, ही निर्बंधांच्या आदेशातली ठरलेली अट. कॅश क्रेडिटचा जीव त्या नूतनीकरणातच असतो. मुदत संपल्यावर १८० दिवसांत ते झालं नाही, तर व्याज वेळेवर भरलेलं असूनही खातं एनपीए, म्हणजे थकीत, धरलं जातं. शिवाय स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा बँकेला द्यायचा तक्ता, तीन महिन्यांहून जुनं झालं की त्यावरची उचल अनियमित ठरते, आणि ती स्थिती सलग ९० दिवस राहिली तरी तोच शिक्का बसतो. म्हणून बँकेत व्यवहार थंडावले तरी आम्ही दरमहा स्टेटमेंट देऊन पोच घेत राहिलो. उचलीची मर्यादा त्या स्टेटमेंटवरूनच निघते: माल ४० लाखांचा, त्यातला ८ लाखांचा उधारीवरचा, उरले ३२. २५ टक्के मार्जिन, म्हणजे आपला स्वतःचा हिस्सा, वजा जाता उचल २४ लाखांपर्यंत. नूतनीकरणाचा अर्जही मुदतीआधी देऊन ठेवावा. तो मंजूर होणार नाही हे माहीतच असतं, पण खातं का थकलं हे नव्या बँकेला पटवायला पोचेचा तोच कागद कामी येतो.

नंतर ठेवींचं गणित. फर्मची ठेव फर्मच्या कर्जात वळती करता येते, मात्र कर्जाच्या करारनाम्यात तसं कलम हवं. करारनाम्याची प्रत आधी काढून वाचावी. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याचं संरक्षण ५ लाखांचं आहे, आणि तेही बँकेचं येणं वजा करून. म्हणजे फर्मची ठेव ७ लाखांची आणि कर्ज २४ लाखांचं असेल तर सातही लाख वळते होतात, व्याज १७ लाखांवर चालतं. भागीदाराच्या वैयक्तिक नावावरची ठेव वेगळी मोजली जाते. ती तारण दिलेली नसेल तर आपोआप वळती होऊ देऊ नये. ५ लाखांच्या आत असेल तर विम्याचे पैसे घ्यावेत. जास्त असेल तर वरची रक्कम वर्षानुवर्षं अडकते, तेव्हा संमतीने ती कर्जात वळवता येते का, हे लेखी विचारावं. कर्ज घेताना कापलेली शेअर्सची रक्कम, तारणी कर्जाला साधारण अडीच टक्के, मात्र विम्यात येत नाही आणि सगळ्यांची देणी भागल्यावर उरलं तरच मिळते. ती हिशेबात न धरलेली बरी.

अवसायकांकडून खातेउतारा घेतला की दंडव्याज आणि व्याजावर लागलेलं व्याज वेगळं काढावं. तडजोडीला सहकारी संस्थांच्या निबंधकांची मान्यता लागते. ते पत्र हातात येईपर्यंत तोंडी ठरलेला आकडा म्हणजे फक्त प्रस्ताव. त्याआधी पैसे भरायचेच असतील तर कर्जखात्याचा क्रमांक आणि ‘तडजोडीपोटी’ असं पत्रात लिहून पोच घ्यावी, नाहीतर रक्कम आधी व्याजात जमा होते. कोर्टात जायची घाईही उपयोगाची नाही. अवसायनातल्या संस्थेवर निबंधकांच्या परवानगीशिवाय दावा लागत नाही.

नवी बँक टेकओव्हरला, म्हणजे जुनं कर्ज फेडून ते आपल्याकडे घ्यायला, तयार होते, पण मूळ कागद समोर दिसल्याशिवाय पैसे सोडत नाही, आणि अवसायक पैसे आल्याशिवाय कागद सोडत नाहीत. यावर आमच्याकडे चाललेली रीत अशी: कागदपत्रांची यादी आणि शिल्लक रकमेचं पत्र आधी घ्यायचं, नव्या बँकेचा पे-ऑर्डर अवसायनातल्या बँकेच्या नावाने काढायचा, आणि दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात एकाच दिवशी मुक्तीचा, म्हणजे तारण सोडल्याचा दस्त, मूळ कागद आणि पे-ऑर्डर यांची अदलाबदल करायची. अवसायक बदलतात, म्हणून सही करणाऱ्याच्या नेमणूक आदेशाची प्रत दस्ताला जोडावी.

‘येणे बाकी नाही’ दाखल्यावर जामीनदारांची नावंही घालून घ्यावीत. मग सरसाईवरचा, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतला बोजा, गाडी तारण असेल तर आरटीओचा फॉर्म ३५, शेतजमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कातली नोंद, हे एकेक करून उतरवायचं. सिबिलवर, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, खातं बंद दिसत नसेल तर याच दाखल्यासह तक्रार टाकावी. एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्याचा, त्यामुळे जुन्या बँकेच्या नावाने दिलेली तारण-संमती रद्द करून नव्या बँकेच्या नावाने घ्यावी लागते. हा अर्ज मुक्तीच्या दस्ताची प्रत मिळाली त्याच आठवड्यात टाकावा, कारण तो बाकी राहिला तर नवी मर्यादा मंजूर होऊनही उचल मिळत नाही आणि हळदीचे सौदे तोवर सुरू झालेले असतात.