कोंडून ठेवून सोडवलेली दारू

व्यसनमुक्ती उपचार हा विषय घेऊन युनिव्हर्सिटीत शिकतेय म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं आम्ही दिवसभर पेशंटला समजावत बसत असू, की बाबा पिऊ नको, बायकापोरांकडे बघ वगैरे. प्रत्यक्षात मेंदूचं काम कसं चालतं, औषधं, मोजमापाची स्केल्स, पेशंटशी बोलायची पद्धत असं सगळं आधी शिकवतात आणि मग हॉस्पिटलच्या वॉर्डात प्लेसमेंट असते. तिथल्या एका केसबद्दल लिहितेय, कारण ती जितक्या घरांना कळेल तितकं बरं असं मला मनापासून वाटतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

सकाळी सकाळी कॅज्युअल्टीतून कॉल आला. पन्नाशीचे एक काका, रात्रीपासून "डोक्यावर परिणाम झालाय" असं घरच्यांचं म्हणणं. आमचे सुपरव्हायझर सर आणि मी खाली गेलो तर काका घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि चादरीवरून काहीतरी वेचत होते, अगदी बारीक, दोन बोटांच्या चिमटीत धरून, ते कॉटखाली टाकायचे आणि पुन्हा वेचायला सुरुवात. मी विचारलं काका काय आहे, तर म्हणाले, "मुंग्या गं, दिसत नाहीत का तुला? पाय वर घे आधी." म्हणजे त्या अवस्थेतही त्यांना माझी काळजी वाटत होती. कुठे आहात विचारलं तर म्हणे कामावर, वार भलताच सांगितला, मधेच कुणीतरी हाक मारल्यासारखे ताडकन उठून बसायचे. नाडी १३० च्या वर, बीपी चढलेलं, अंगात ताप.

सरांनी काकूंना एवढंच विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?"

"नाही हो डॉक्टर, सोडलीये त्यांनी. आज तिसरा दिवस, थेंब नाही घेतलेला."

हे सांगताना काकूंच्या आवाजात चक्क अभिमान होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं लख्ख कळलं, कारण हेच तर आम्ही वर्गात घोकलं होतं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की साधारण ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, फिट यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते, आणि काही जणांमध्ये ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे भान जातं, नसलेलं दिसायला ऐकू यायला लागतं, नाडी बीपी ताप सगळं उसळतं. काका बरोब्बर त्या वेळेत होते.

असं का होतं तर दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा दाबते. वर्षानुवर्षं रोज हे झालं की मेंदू तोल सांभाळायला स्वतःला उलट्या दिशेने वळवून घेतो. बंद दाराला आपण खांदा लावून जोर देत असावं आणि पलीकडच्याने ते दार एकदम उघडावं, तसं होतं मग, दारू गेली पण मेंदूचा जोर तसाच राहिला. हेरॉइन सोडतानाचा त्रास बघवत नाही इतका असतो पण धडधाकट माणूस नुसत्या त्या त्रासाने सहसा दगावत नाही, दारूच्या विथड्रॉवलने, म्हणजे ती अचानक बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाने, मात्र दगावू शकतो, हे आजही कितीतरी जणांना माहीत नाही. डिलिरियम ट्रेमेन्सच्या जुन्या नोंदींत ३५ टक्क्यांपर्यंत मृत्यू सापडतात, आता वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असतं.

पुढे सगळं भराभर झालं. सर म्हणाले दारूचा पेशंट आहे म्हणून दारूवरच सगळं ढकलायचं नाही, डोक्याला मार लागलाय का, शुगर किती, सोडियम पोटॅशियम किती, कुठे इन्फेक्शन आहे का हे सगळं बघायचं. सिस्टरने सलाईन लावायच्या आधी सरांनी थायमिनचं, म्हणजे व्हिटॅमिन बी-वनचं, इंजेक्शन द्यायला सांगितलं, कारण अशा पेशंटच्या शरीरात बी-वन खूप कमी असतं, त्यात आधीच ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते, आणि गोळी द्यावी तर आतड्यातून ती नीट शोषली जात नाही. मग उसळलेल्या मेंदूला शांत करणारं लोराझेपाम, कारण लिव्हरचे रिपोर्ट खराब होते आणि अशा लिव्हरला ते त्यातल्या त्यात झेपतं. आम्हाला विथड्रॉवल किती तीव्र आहे ते मोजायचं सीवा नावाचं १० मुद्द्यांचं स्केल शिकवलेलं, हात पुढे करा, बोटं फाकवा, मळमळतंय का, आज कुठला वार, असं विचारत मार्क द्यायचे. पण काका उत्तरं देण्याच्या स्थितीतच नव्हते, त्यामुळे ते स्केल बाजूला ठेवून थोड्या थोड्या वेळाने नाडी, श्वास आणि शुद्ध बघत डोस ठरवत होते.

मला काकूंकडून हिस्टरी घ्यायला बाहेर पाठवलं. आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड भाग तोच होता.

झालं असं होतं की भाऊ आणि मुलगा दोघांनी मिळून ठरवलं, आता बास. काकांना आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली, जेवणखाण पाणी सगळं वेळेवर देत होते, काकू दाराबाहेरच झोपायच्या. पहिल्या रात्री ते थरथरायला लागले तेव्हा घरात सगळे म्हणाले नाटकं करतोय, दारू मागायचा बहाणा आहे. हे सांगता सांगता काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे आमच्यामुळे झालं का गं?"

यावर हो म्हणणंही बरोबर नव्हतं आणि नाही म्हणणं खोटं ठरलं असतं. मी म्हटलं काकू, सोडवायचं ठरवलंत ते योग्यच होतं, फक्त इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी लागते आणि हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रडल्या. मी गप्प बसून राहिले, हिस्टरीचा फॉर्म नंतर भरला.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा आला. याआधी वर्षभरात काका पोटदुखीसाठी, पडून हाताला लागलं म्हणून असे दोन-तीन दवाखान्यांत जाऊन आले होते आणि एकाही ठिकाणी कुणी रोज किती घेता, बंद केल्यावर हात थरथरतात का, हे विचारलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या सवयीचा अंदाज घेणारी ऑडिट नावाची १० प्रश्नांची यादी आहे, काही मिनिटांत होते. दारू सोडा, एवढंच सगळ्यांनी सांगितलं. कशी सोडायची, ते कुणीच नाही सांगितलं.

काका शुद्धीवर आल्यावर त्यांना मधलं फारसं काही आठवत नव्हतं. त्यांच्याशी बोलायला सरांनी मला सोबत बसवलं आणि मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांची जी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूची, म्हणजे पेशंटकडूनच त्याची बदलायची कारणं बोलती करायची, पद्धत आम्ही शिकतो ती मी पहिल्यांदा खरीखुरी चालताना पाहिली. सर उपदेशाचा एक शब्द बोलले नाहीत. दारूतून तुम्हाला मिळतं काय असं विचारलं, काका खूप वेळ बोलले, मुख्य म्हणजे झोपेबद्दल, आणि मग आपणहूनच म्हणाले, "पण आता झोपही लागत नाही पिऊन, तीन वाजता जाग येतेच." तिथून पुढचं बोलणं त्यांनीच केलं. दारूपासून लांब राहायला मदत करणाऱ्या औषधांपैकी लिव्हरमुळे नॅलट्रेक्सोन नको ठरलं, किडनीचे रिपोर्ट चांगले होते म्हणून अॅकॅम्प्रोसेट सुरू केलं आणि फॉलोअपची तारीख दिली.

ती तारीख त्यांनी पाळली. पुढचीही पाळली. मग काही आठवड्यांनी काकूंचा वॉर्डात फोन आला, मीच उचलला. काका एका कार्यक्रमात प्यायले होते आणि नंतर आठवडाभर रोज घेत होते, आता त्यांनाच थांबायचं होतं. काकू म्हणाल्या, "काल रात्रीच घेतलीये, अजून बंद नाही केली. कधी आणू ते सांग." मी सरांना विचारून लगेच घेऊन यायला सांगितलं, आणि तोपर्यंत थरथर वाढली, फिट आली किंवा काही भलतंच बोलायला लागले तर कुणाची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी. दुपारी दोघं आले, काका स्वतःच्या पायांनी चालत. या वेळी सीवाच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतः दिली.