टोकियोत डावीकडे, ओसाकात उजवीकडे

जपानला ग्रुप घेऊन गेले की सरकत्या जिन्याची सूचना मी पहिल्याच दिवशी देते. टोकियोत डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईतल्या माणसांसाठी मोकळी सोडायची. या वेळी ग्रुपमध्ये नागपूरचे एक काका होते. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा हात लुळा पडलेला. डावीकडे उभं राहून त्यांनी कठडा धरायचा कशाने? ते उजवा कठडा धरून उभे राहत आणि मागे लोक खोळंबत. कोणी अवाक्षर काढत नसे, पण पाठीमागची ती शांतताच काकांना सोसवेना. मग प्रत्येक स्टेशनवर आमची लिफ्टची शोधाशोध सुरू झाली.

त्या दिवशी सकाळी शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, टोकियो सोडलं आणि जेवायला नागोयाला उतरलो. सरकत्या जिन्यावर चालायचं नाही, दोन्ही बाजूंना थांबूनच उभं राहायचं, असा नियम नागोया शहराने ऑक्टोबर 2023 पासून केला आहे. सैतामा प्रांताने तो 2021 मध्येच केला होता. दंड नाही, त्यामुळे सगळेच पाळतात असं नाही. तरी मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण एक हात अधू असलेल्या माणसाला बाजू निवडायची सोयच नसते. काकांना हे समजावून सांगितलं, तर ते थेट उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. मागून आलेला सुटातला माणूसही थांबला.

संध्याकाळी ओसाकातल्या शिन-ओसाका स्टेशनवर मेट्रोची मिदोसुजी लाइन पकडली. आमची पुरुष मंडळी महिलांच्या डब्याकडे निघाली होती, त्यांना वळवलं. टोकियोत हे डबे बहुतेक सकाळच्या गर्दीपुरतेच असतात, मिदोसुजीवर मात्र कामाच्या दिवशी दिवसभर. टोकियोच्या मेट्रोत शेजारचा माणूस मोबाइलमधून मान वर करत नाही. इथे समोरच्या आजींनी काकांच्या हाताकडे बघून सरळ विचारलं, "काय झालं हो?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पर्समधून खाऊच्या गोड गोळ्या काढल्या आणि काका-काकूंच्या हातावर ठेवल्या. पर्समध्ये गोळ्या बाळगणाऱ्या ओसाकाच्या बायका जपानभर प्रसिद्ध आहेत.

नांबाला उतरलो तर जिन्यावर अख्खी रांग उजवीकडे, डावी बाजू मोकळी! 1970 च्या एक्स्पोच्या, म्हणजे ओसाकात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास ही पद्धत ओसाकात रुजली असं सांगतात. काकांनी उजवा कठडा घट्ट धरला आणि वळून म्हणाले, "ताई, हे तर माझंच गाव निघालं!" काकूंचे डोळे भरून आले, माझेही.

रात्री ऑफिसला मेल केला: बुकिंगच्या फॉर्मवर गुडघ्यांबद्दल विचारतो, तसं कोणता हात धड आहे तेही विचारा. टोकियोत लिफ्टसाठी स्टेशनच्या कोणत्या दारातून शिरायचं, ते मग आधीच ठरवता येईल.